फेतूचा शनिवार

सालेवाओ गावच्या पाळकाच्या घरात चूल होती, पण ती कोको उकळण्यापुरती. जेवण गावाकडून यायचे. मंडळीतल्या घरांनी वार वाटून घेतले होते आणि ज्याचा वार त्याने संध्याकाळची घंटा व्हायच्या आत टोपली आणून पाळकाच्या ओट्यावर ठेवायची. भाजलेला नीरफणस, तारोचे कंद, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पाने आणि वर मासा. पाळकीणबाईंनी बाहेर येऊन टोपली दोन्ही हातांनी घ्यायची, आणणाऱ्याच्या घराला आशीर्वाद द्यायचा, की झाले. कमी आले तर कमी का म्हणून विचारायचे नाही आणि उरले तर शेजारी वाटून टाकायचे. मागायचे मात्र कधीच नाही. पाळकाच्या घराने तोंड उघडून मागितले तर सगळ्या गावाची अब्रू जाते, अशी आमच्या सवाई बेटावरची रीत आहे.

इथल्या पाळकीणबाईंनी, सिएनीबाईंनी, ही रीत एकतीस वर्षे पाळली. न वापरलेला कोयता गंजतो म्हणा किंवा न वापरलेली होडी तडकते म्हणा, त्यांचे मागायचे तोंड तसे कामातून गेले होते. सांत्वनाचे तोंड मात्र चांगले चालायचे. गावात कुणी गेले, कुणाची लागवड वादळात झोपली, कुणाचे लग्न ऐन वेळी मोडले, की पाळकीणबाई त्या घरातल्या बाईच्या शेजारी चटईवर बसायच्या, तिचा हात हातात घ्यायच्या आणि म्हणायच्या, "आपले बेत वेगळे असतात. देवाचा बेत मोठा असतो. विश्वास ठेव." वाक्य चांगले होते, खोटेही नव्हते. एवढेच, की ते म्हणून त्या घरी परतायच्या तेव्हा त्यांच्या ओट्यावर टोपली आलेली असायची.

त्यांचा स्वतःचाही एक बेत होता. ऑक्टोबरात मुलांचा पांढरा रविवार झाला, की त्यांचे यजमान, पाळक एलिसारा, निवृत्त होणार होते. मग दोघांनी बोटीने पलीकडच्या उपोलू बेटावर जायचे आणि सिएनीबाईंच्या भावाच्या, वाइतूसीच्या आवारातल्या पुढच्या घरात राहायचे. दोनच खोल्या, पण समुद्राच्या तोंडी. कोकोची झाडे कुठे लावायची त्याचे चित्र एलिसारांनी एका जुन्या भक्तिगीताच्या कागदामागे काढून ठेवले होते. त्यांच्या स्वतःच्या कुळाची जमीन होती, पण दीक्षेच्या दिवशी त्यांनी भर सभेत उभे राहून आपला वाटा पुतण्यांना देऊन टाकला होता. "जिथं घंटा वाजते तिथं पाळकाचं घर," असे ते म्हणाले होते. लोकांनी तेव्हा डोळे पुसले होते. सिएनीनेही पुसले होते. तिला तेव्हा सत्ताविसावे लागले होते आणि घंटेखाली पाऊस लागत नाही असे तिला वाटायचे. पोटी मूल झाले नाही, तेव्हाही ती म्हणाली होती, देवाचा बेत.

जुलैतल्या दुसऱ्या रविवारी सकाळची दुसरी घंटा झाली, मंडळी पांढऱ्या कपड्यांत येऊन बसली, पहिले गीत संपत आले तरी पाळकांचा पत्ता नाही. सिएनीबाई पुढच्या बाकावरून उठून घरी आल्या. एलिसारा पलंगाच्या कडेला टेकून खाली बसले होते. पांढऱ्या कोटाची उजवी बाही घातलेली आणि डावी मोकळी लोंबत असलेली. चष्मा नाकावर नीट होता. देवळातून गाण्याचे शेवटचे कडवे ऐकू येत होते आणि सिएनीबाई त्यांचा डावा हात त्या बाहीत घालायचा प्रयत्न करत होत्या. हात काही जाईना.

त्यांना देवळासमोर पुरले. गावाने काही कमी केले नाही. बारीक विणीच्या चटया आल्या, डुकरे कापली गेली, शेजारच्या चार गावांचे पाळक येऊन बोलून गेले. आणि बायका आल्या. एकेक जण शेजारी बसे, हात हातात घेई आणि म्हणे, "पाळकीणबाई, तुम्हीच आम्हाला शिकवलंत. देवाचा बेत मोठा असतो." पहिल्या सहा जणींना त्यांनी मान हलवली. सातवीच्या वेळी त्या उठून आत गेल्या आणि टॉवेलचा बोळा तोंडात कोंबून भिंतीला डोके लावून उभ्या राहिल्या. तो टॉवेल तोंडात नसता तर काय ओरडल्या असत्या, ते त्यांचे त्यांनाच माहीत.

त्या दिवसापासून प्रार्थना बंद झाली. बंद केली नाही, झाली. संध्याकाळची घंटा वाजली, की सगळे गाव आपापल्या घरात खाली बसते. सिएनीबाईही बसत, हात जोडत, आणि पुढे काही नाही. एकतीस वर्षे ज्या तोंडातून शब्द नळासारखे यायचे, त्यातून थेंब येईना. त्या नुसत्या बसून राहत आणि शेजारच्या घरातले गाणे संपायची वाट पाहत.

पाळकाचे घर गावाचे असते. करार पाळकाशी असतो; पाळक गेला की करार संपला, आणि नवा पाळक यायच्या आत जुन्याच्या बायकोने निघायचे. गावातच मागे राहायचे नाही, कारण नवी पाळकीणबाई मग कुणाच्या सावलीत उभी राहणार? यात कुणाचा दुष्टावा नाही. सिएनीबाईंनी स्वतः या घरात पाऊल ठेवले तेव्हा आधीची म्हातारी पाळकीणबाई चारच दिवसांपूर्वी निघून गेली होती. चुलीवर तिची एक किटली राहिली होती. ती बाई कुठे गेली, हे सिएनीबाईंनी कधी विचारले नव्हते.

नवा पाळक ठरला. मग सिएनीबाईंनी भावाला फोन लावला.

"ताई, अगं, बोलणारच होतो मी," वाइतूसी म्हणाला. "तू ऑक्टोबरात येणार होतीस ना? इकडे सगळंच उलटंपालटं झालंय. आमचा थोरला सीओने आला न्यूझीलंडहून. कारखाना बंद पडला त्याचा. बायको, चार पोरं, सासू. पुढच्या घरातच घातलंय त्यांना. दोन खोल्यांत सात माणसं, ताई. मी ये म्हटलं असतं गं, पण कुठं ये म्हणू?"

सिएनीबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि तुला काय कमी पडणार? अख्खं गाव आहे तुझं. एकतीस वर्षं केलंत त्यांचं. देतील की कुठंतरी."

इथे एक शब्द बोलायचा होता. "मला कोपऱ्यात चटईपुरती जागा दे," एवढेच. रक्ताचा भाऊ होता तो, नाही म्हणायला त्यालाही जड गेले असते. पण त्यांच्या तोंडून आले ते हे: "बरं. पोरांना सांभाळ. देव तुझ्या घराचं भलं करो." आणि त्यांनी फोन ठेवला.

निरोपाचा समारंभ शुक्रवारी सकाळी ठेवला. गावप्रमुख तुईफाओ काठी टेकून उभे राहिले, लांबलचक बोलले आणि शेवटी रीतीप्रमाणे विचारले, "आमच्या माउलीचं पुढचं घर कुठं आहे, ते गावाला कळावं. गाव तिथवर डोळे लावील."

सिएनीबाईंनी समोर पाहिले. ही माणसे चांगली होती. सांगितले असते तर कुणी हसले नसते. पण पाळकाच्या घराने मागायचे नसते आणि त्या अजून अर्धा तास पाळकाच्या घरच्याच होत्या.

"माझ्या भावानं समुद्राकडचं घर रिकामं करून ठेवलंय," त्या म्हणाल्या. "देवानं सगळं नेमून ठेवलंय."

लोकांनी "आमेन" म्हटले. पुढे बसलेल्या बायकांनी डोळे पुसले. देवाचे नाव घेऊन सिएनीबाई आयुष्यात पहिल्यांदा खोटे बोलल्या आणि कुणाला शंकाही आली नाही, कारण आवाज रोजचाच होता.

धक्क्यापर्यंत पोचवायला गावाचा ट्रक होता. बायका गात आल्या, गळ्यात पडल्या, बोचकी शेडमध्ये रचून दिली. ड्रायव्हरला रविवारच्या भट्टीसाठी लाकडे आणायची होती, त्याने दोनदा हॉर्न वाजवला. पाचव्या मिनिटाला धक्क्यावर सिएनीबाई, चार बोचकी आणि एक गुंडाळलेली चटई एवढेच उरले.

बाराची बोट त्यांनी सोडली. स्वतःशी म्हणाल्या, सामान फार आहे, गर्दी कमी होऊ दे. दोनची सोडली तेव्हा स्वतःला सांगायलाही काही कारण सापडले नाही. पलीकडे उतरून करायचे काय होते? भावाच्या दारात बोचकी घेऊन उभे राहायचे, आणि भावजयीने सीओनेच्या सासूच्या कानात काही पुटपुटायचे. तिकीट हातात धरून धरून ओले झाले होते.

सिएनीबाई शेडमधून उठल्या आणि धक्क्याच्या टोकाशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली हिरवे पाणी खांबांवर आपटत होते. प्रार्थना तर येत नव्हती. मग जे आले ते आले. मी तुझे घर एकतीस वर्षे झाडले, त्या मनात म्हणाल्या. कधी काही मागितले नाही. मूल दिले नाहीस, मी तुझाच बेत म्हटले. घर नव्हते, तरी मी तुझाच बेत म्हटले. आता नवरा नेलास, तोही तीन महिने आधी. तीनच महिने! तुला काय घाई होती? निदान त्यांना कोटाची दुसरी बाही तरी घालू द्यायची होतीस. तू मला फसवलेस, आणि मी तुझे नाव सांगून सगळ्या गावाला.

पाणी बरेच खोल दिसत होते. त्यांना अचानक इओसेफाची आठवण झाली. अकरा वर्षांपूर्वी या समुद्रात गेलेला एकोणीस वर्षांचा मुलगा. नाव आठवले, चेहरा आठवेना. त्या आणखी एक पाऊल पुढे गेल्या.

"तिथं शेवाळ आहे. घसराल."

सिएनीबाईंनी वळून पाहिले. मागे फेतू उभी होती. इओसेफाची आई. मुलगा गेल्यावर तिने देऊळ सोडले, गावाने दंड केला तो मुकाट्याने भरला आणि ओढ्यापलीकडे दुसऱ्या गावाच्या हद्दीत, मावशीच्या जमिनीवर खोपटे घालून राहिली. रोज धक्क्यावर बादलीभर गुलगुले आणून विकायची. सकाळपासून ती शेडच्या दुसऱ्या टोकाला बसली होती आणि सिएनीबाईंनी तिच्याकडे न पाहण्याची काळजी घेतली होती.

"चारची शेवटची आहे," फेतू म्हणाली. "ती गेली की आजचं संपलं."

"माहीत आहे."

"मग दोन का सोडल्यात? रंग नाही आवडला बोटीचा?"

सिएनीबाई शेडकडे परत आल्या. एका बोचक्यावर टेकल्या. फेतूने एका कागदावर दोन गुलगुले ठेवून पुढे केले. "खा. कालचे नाहीत."

सिएनीबाईंनी सवयीने दोन्ही हात पुढे केले आणि सवयीनेच तोंड उघडले. "देव तुझ्या घराचं…"

"नको," फेतू म्हणाली. "माझ्या घराचं काही करू नका. नुसतं खा."

त्यांनी खाल्ले. दोन दिवसांत पोटात काही धड गेले नव्हते. फेतू बादलीवर फडके टाकून समोर बसली होती आणि पाहत होती.

"भाऊ येईल ना पलीकडे न्यायला?"

"हो," सिएनीबाई म्हणाल्या. मग घास गिळून म्हणाल्या, "नाही."

"नाही म्हणजे?"

"त्याच्याकडे जागा नाही. गावात खोटं सांगितलं मी." मग ते शब्द आपोआप बाहेर पडले. "फेतू, मला घर नाही."

फेतूने बादली बाजूला सारली. मग तिने सिएनीबाईंचा हात हातात घेतला, अगदी पाळकीणबाई घ्यायच्या तसा, आणि गोड आवाज काढून म्हणाली, "आपले बेत वेगळे असतात. देवाचा बेत मोठा असतो. विश्वास ठेवा."

सिएनीबाईंनी हात काढून घेतला नाही. थोबाडीत बसली असती तर इतके लागले नसते. ज्याचे जळते त्यालाच कळते म्हणतात. त्यांना कळायला अकरा वर्षे लागली होती.

"तेव्हा तुला काय वाटलं होतं?" त्यांनी विचारले.

"तुमच्या थोबाडीत मारावीशी वाटली होती," फेतू साध्या आवाजात म्हणाली. "पण हात उचलता येईना. तुम्ही धरून ठेवला होतात ना."

शेडच्या पत्र्यावर एक मैना नाचत होती. लांबून चारची बोट धक्क्याकडे येताना दिसायला लागली.

"तो कशासाठी गेला होता, आठवतं?" फेतूने विचारले.

"मासे धरायला. शनिवार तुझा वार होता."

"त्याच्या आधीच्या शनिवारी मी काय आणलं होतं?"

सिएनीबाईंना आठवेना.

"टिनचा मासा," फेतू म्हणाली. "त्या आठवड्यात समुद्र खवळलेला होता. कुणाला काही मिळत नव्हतं. मी दुकानातून टिन आणलं, कांदा घालून केलं, चांगलं केलं होतं. तुम्ही बाहेर आलात. झाकण काढून बघितलंत. आणि म्हणालात, 'चालेल हो.' एवढंच. पण तुमचं तोंड इतकं पडलं होतं, की मी घरी येऊन रडले. इओसेफानं बघितलं. म्हणाला, आई, या शनिवारी मी असा मासा आणतो, की पाळकीणबाई बघतच राहतील. खडकांच्या आतल्या उथळ पाण्यात लहान मासे होते, ते नको म्हणाला. खडकांच्या पलीकडे गेला."

सिएनीबाईंच्या हातातला कागद खाली पडला.

"तुम्ही कधी मागितलं नाहीत, बाई. खरंय ते. तोंडानं कधीच नाही मागितलंत. तुमचा चेहरा मागायचा."

बोट धक्क्याला लागली. माणसे उतरली, टोपल्या उतरल्या, एक डुक्कर ओरडत उतरले. चढणाऱ्यांची रांग झाली. तिकीटवाल्याने शेडकडे पाहून हाताने विचारले, येताय का? सिएनीबाईंना तो दिसलाच नाही. त्यांना ते झाकण आठवले होते. कांद्याचा वास आठवला होता. त्या दिवशी शेजारच्या पाळकाकडचे पाहुणे यायचे होते आणि त्यांच्यापुढे टिनचा मासा कसा ठेवायचा, एवढाच विचार त्यांच्या मनात आला होता. क्षणभरच. त्या क्षणाची किंमत इओसेफाने भरली होती, आणि सिएनीबाई फेतूच्या चटईवर बसून ती देवाच्या नावावर घालून आल्या होत्या.

त्या बोचक्यावरून उतरल्या आणि ओल्या सिमेंटवर फेतूसमोर मांडी घालून बसल्या. मग शेजारची चटई उलगडली. निरोपाची हीच एक चटई त्यांनी स्वतःजवळ ठेवली होती. आमच्याकडे फार मोठा अपराध झाला, की अपराध्याने डोक्यावरून चटई घेऊन ज्याचे बिघडले त्याच्या दारात बसायचे असते. समोरच्याने येऊन चटई उचलली तर माफी. नाही उचलली तर तिथेच बसून राहायचे. पाळकाच्या घरच्या बाईने असे बसलेले आजवर कुणी पाहिले नव्हते. सिएनीबाईंनी चटई डोक्यावरून घेतली आणि आत अंधार झाला.

"मला माफ कर, फेतू," त्या आतून म्हणाल्या. "मी त्याला पाठवलं. देवानं नाही. मी."

रांगेतले लोक थांबून बघत असणार. बोटीचा भोंगा झाला. एकदा, मग परत एकदा. इंजिनाचा आवाज वाढला आणि हळूहळू दूर जाऊ लागला. सिएनीबाई चटईखाली बसून होत्या. आता पलीकडे जाणे संपले होते आणि अलीकडे काही नव्हते. फेतू उठून गेली असेल तर गेली असेल. इतके एकटे त्यांना एलिसारांच्या शेजारी त्या सकाळीही वाटले नव्हते. त्या रडत नव्हत्या. रडायलासुद्धा कुणीतरी लागते.

किती वेळ गेला कोण जाणे. मग डोक्यावरचा भार कमी झाला आणि उजेड डोळ्यांत गेला. फेतू चटई गुंडाळत होती. तिचे नाक लाल झाले होते.

"चांगली चटई आहे. ओल्यात बसून भिजवलीत," ती म्हणाली. "अकरा वर्षं वाट बघितली, त्या घरातून कुणी एक शब्द मागेल म्हणून."

"मागते," सिएनीबाई म्हणाल्या. "आणखी एक मागते. तुझ्याकडे मला राहू देशील?"

फेतूने एक बोचके उचलून पाहिले आणि पुन्हा खाली ठेवले. "बापरे. काय भरलंय? देवळाच्या पायऱ्या?"

"गावानं दिलेल्या बश्या आहेत."

"माझ्याकडे दोन आहेत. दोघींना दोन पुरतात." तिने दुसरे, हलके बोचके उचलले. "ते जड तुम्ही घ्या. बाकीची दुसऱ्या खेपेत नेऊ. साडेचारची बस मिळेल."

फेतूचे घर म्हणजे चार खांब, पत्रा, एका बाजूला विणलेल्या झापांची भिंत आणि मागे तारोचा तुकडा. चूल बाहेर होती. फेतूने सिएनीबाईंना नारळ खोवायला बसवले. किती वर्षांनी त्यांच्या हातात खोवणी आली होती. पहिल्याच नारळाला अंगठा सोलून निघाला. फेतूने चिंधी दिली आणि दुसरा नारळ पुढे केला.

जेवण पानावर मांडले आणि तेवढ्यात घंटा झाली. सालेवाओची घंटा म्हणजे गॅसचे रिकामे नळकांडे, त्याच्यावर लोखंडी गजाने ठोकतात. तो आवाज सिएनीबाईंनी एकतीस वर्षे अगदी जवळून ऐकला होता. ओढ्यापलीकडून तो बारीक आणि उशिरा येत होता. देवळासमोरच्या नव्या कबरीवर आता पाने पडली असतील, ती कोण झाडील, असे मनात आले आणि त्यांच्या डोळ्यांतून पहिल्यांदा पाणी आले.

"ओढा गुडघाभर आहे," फेतू म्हणाली. तिला काय कळले होते कोण जाणे. "चालत जाता येतं."

फेतूने अकरा वर्षांत या घरात घंटेला मान खाली घातली नव्हती. आजही घातली नाही. पण घासही उचलला नाही. हात गुडघ्यांवर ठेवून ती बसून राहिली. "म्हणा काय म्हणायचं ते," ती म्हणाली. "निवतंय."

"मला येत नाही आता. ते गेल्यापासून एक शब्द येत नाही."

"भांडण झालंय?"

"हो."

"माझंही," फेतू म्हणाली. "मग मागा काहीतरी. आज शिकलात ना."

सिएनीबाईंनी हात जोडले. मग जे आले ते त्यांच्या ओळखीच्या आवाजात नव्हते. सांत्वनाचा गोडवा त्यात अजिबात नव्हता.

"देवा, तुझा बेत मोठा आहे की लहान, मला माहीत नाही. मला तो आवडलेला नाही. मी तुझ्यावर रागावले आहे आणि तरी तुझ्याकडेच मागते आहे, कारण माझं दुसरं कुणी नाही. आज जागा दिलीस, उद्याही दे. इओसेफा कुठं आहे ते तुला माहीत आहे, त्याच्या आईला माहीत नाही. त्याला नीट ठेव. आणि एलिसाराला डावा हात बाहीत घालता येत नाही, तेवढी मदत कर. आमेन."

फेतू "आमेन" म्हणाली नाही. तिने नीरफणसाचा मोठा तुकडा सिएनीबाईंच्या बाजूला सरकवला आणि स्वतःचा लहान तुकडा मोडला. दोघी जेवू लागल्या. पलीकडच्या गावातले गाणे संपत आले होते.

"उद्या शनिवार," फेतू म्हणाली. "वार तुमचा."

सिएनीबाईंचा हात थांबला. त्यांनी वर पाहिले.

फेतू आपल्या पानाकडेच बघत होती. "टिनचा मासा चालेल," ती म्हणाली.